बिनसाखरेचे लाडू

"खरंच साखर नाही यात?" मुलाणी बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही बाई. एक कणसुद्धा नाही. गूळपण नाही."

तासगावातल्या एका मंगल कार्यालयात बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. भर दुपारची वेळ. लोणच्या-पापडांच्या टेबलांवर गर्दी होती, माझ्याकडं कुणी फिरकत नव्हतं. चवीसाठी म्हणून मी एका ताटलीत लाडवाचे तुकडे करून ठेवले होते. बाईंनी त्यातला एक उचलला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आवडला नाही. पण त्या चावतच नव्हत्या, नुसता जिभेवर धरून उभ्या होत्या.

"अकरा वर्षं झाली," डोळे उघडून त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं ईदला शीरखुर्मा मी करते, सगळ्यांना वाढते आणि आपण पाणी पिऊन बसते. शुगर निघाली त्या दिवसापासून गोडाला हात लावलेला नाही. खोटं वाटत असेल तर आमच्या नसीमला विचार."

खोटं वाटायचा प्रश्नच नव्हता. आठवी ते दहावी त्यांनी मला मराठी शिकवलेलं. शाळेत त्या कुणाला मारत नसत, पण खोटं बोललेलं त्यांना शुद्धलेखनाच्या चुकीपेक्षा जास्त लागायचं. 'पोट दुखत होतं' म्हणून वही न आणणाऱ्या मुलीकडं त्या नुसतं बघत राहायच्या. शेवटी ती मुलगीच म्हणायची, "बाई, केलाच नव्हता अभ्यास." मग त्या हसून म्हणायच्या, "हं. आता बस."

त्या दिवशी त्यांनी दोन डबे घेतले. जाताना कापडी पिशवीत तळाशी ठेवले, वर रुमाल पसरला आणि म्हणाल्या, "नसीमला बोलू नकोस हं. माझी सून फार चांगली आहे, पण माझ्या तोंडावर तिचा पहारा असतो."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

लाडू सुरू केले ते वाया जाणाऱ्या बेदाण्यापायी. माझ्या सासऱ्यांचं बेदाण्याचं शेड होतं. निवडताना बारीक, काळपट दाणा बाजूला पडायचा. चवीला उत्तम, पण दिसायला बरा नाही म्हणून त्याला कुणी विचारायचं नाही. मी तो खजुराबरोबर वाटायला लागले. त्यात भाजलेले शेंगदाणे, तीळ, जवस आणि मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं पीठ. तूप नाही, दूध नाही. बेदाणा-खजुराच्या चिकटपणावरच लाडू वळायचा. दुपारी चार वाजता माणूस पेंगायला लागतो, चहा-बिस्किटावर वेळ मारून नेतो. त्याऐवजी एक लाडू खाल्ला तर संध्याकाळपर्यंत अंगात जोर राहतो, असं मी सगळ्यांना सांगायची. ते खोटं नव्हतं. एसटीचे कंडक्टर न्यायचे, दवाखान्यातल्या नर्स न्यायच्या, तालमीतली पोरं न्यायची. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आधी तिघी होतो, वर्षभरात चौदा जणी झालो.

डब्यावर वरती लाडवाचं नाव होतं आणि खाली ठळक हिरव्या अक्षरांत दोन शब्द, 'साखर नाही'. ते माझ्या डोक्यातून निघालेले. माल जो उठायचा तो त्या दोन शब्दांवर.

मुलाणी बाई जवळजवळ रोज यायला लागल्या. दुपारचं फिरायला म्हणून घराबाहेर पडायच्या आणि आमच्या खोलीत येऊन बसायच्या. बायका शेंगदाणे भाजत असायच्या, कुणी पाखडत असायचं. बाई एक लाडू हातात घेऊन कण कण खायच्या, बायकांना जुन्या शाळेतल्या गमती सांगायच्या. आमच्यातली शेवंता सहीपुरतंच शिकलेली होती. तिला त्यांनी तीन महिन्यांत वर्तमानपत्र वाचायला शिकवलं. एकाचे दोन लाडू झाले, दोनाचे तीन. घरी न्यायचा डबा वेगळाच.

"त्रिशला, मला जिना चढताना दम लागत नाही बघ आता," एकदा त्या म्हणाल्या. "तू मला माझी दुपार परत दिलीस."

त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं की मला दिवसभर बरं वाटायचं. माझ्या आईनंसुद्धा माझं एवढं कौतुक कधी केलं नव्हतं.

त्याच सुमाराला सांगलीच्या एका प्रदर्शनात एक पोरसवदा आहारतज्ज्ञ बाई माझ्या टेबलाशी थांबली. लाडू खाल्ला, डबा उलटा करून वाचला.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ताई, बेदाणा आणि खजूर म्हणजे साखरच की. वरून घातली नाही एवढंच. शुगरवाल्या माणसानं 'साखर नाही' वाचून रोज चार खाल्ले तर त्याचं कठीण होईल. एक ओळ घाला ना खाली. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून खा, एवढीच."

मी हो म्हणाले. तिचा फोन नंबरपण लिहून घेतला.

घरी आल्यावर भरतेशला, माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. तो लगेच म्हणाला, "घालूया की. नवीन स्टिकर छापायला टाकतो उद्या."

आता इथं मी भरतेशवर ढकलू शकले असते. कितीतरी वर्षं मनातल्या मनात मी ते तसंच ढकलायची. पण तो घालूया म्हणाला होता. मीच म्हणाले, "नको. ती ओळ वाचली की निम्मी माणसं डबा खाली ठेवतील. आपण साखर घालत नाही, तेवढंच लिहिलंय. त्यात खोटं काय आहे?"

तो म्हणाला, "तुझं तू बघ." आणि ताक प्यायला.

फेब्रुवारीत एका मोठ्या शिक्षण संस्थेचे सचिव आमचं काम बघायला आले. त्यांच्या सगळ्या शाळांमध्ये मुलांना मधल्या सुट्टीत लाडू द्यायचा त्यांचा विचार होता. ते काम मिळालं असतं तर आणखी दहा बायकांना हाताला काम मिळणार होतं, आणि पत्र्याच्या खोलीतून बाहेर पडायला मिळणार होतं. मी सकाळपासून खोली झाडून घेतली होती. सगळ्यांना स्वच्छ टोप्या घालायला लावल्या होत्या. सचिव खुर्चीत बसले, आणि नेमक्या त्याच वेळी मुलाणी बाई आल्या. त्यांना मी स्टूल दिलं. त्यांनी नेहमीसारखा लाडू घेतला, पण खाल्ला नाही.

"त्रिशला, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "नसीम रक्त तपासायला चल म्हणून मागे लागलीय. चार महिने मी टाळलंय. हल्ली रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, तहान फार लागते. मला हे चालतात ना गं? तू यातली जाणकार आहेस, म्हणून विचारते."

शेवंताचा हात थांबला. सचिव माझ्याकडं बघत होते, सहज, पण बघत होते.

मला ती सांगलीची मुलगी आठवली नाही असं नाही. तिचा चेहरा, तिनं उलटा केलेला डबा, सगळं डोळ्यांपुढं आलं. बाईंना बाहेर नेऊन सांगता आलं असतं. 'उद्या येते घरी, मग बोलू' असंसुद्धा म्हणता आलं असतं.

"चालतात की बाई," मी म्हणाले. "सगळं नैसर्गिक आहे. उन्हाळा लागलाय, तहान लागणारच."

"मग झालं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी लाडू तोंडात टाकला.

शाळांचं काम आम्हाला मिळालं.

जूनमध्ये बाईंच्या डाव्या पायाच्या करंगळीला नव्या चपलेचा पट्टा लागला. साधं खरचटलं होतं. त्यांनी हळद लावली आणि मोजे घातले, म्हणून घरात कुणाला दिसलं नाही. आठ दिवसांनी नसीमला मोज्याला वास आला. मिरजेच्या दवाखान्यात नेलं तेव्हा करंगळी काळी पडली होती आणि सूज पोटरीपर्यंत चढली होती. मला शेवंतानं सांगितलं. मी मिळेल त्या गाडीनं मिरजेला गेले.

बाई खाटेवर बसल्या होत्या, पाठीला दोन उशा. नसीम पायाशी उभी. एक तरुण डॉक्टर कागद बघत होता.

"आजी, साखर भयंकर वाढलीय. ही काय दोन-चार दिवसांतली नाही, कित्येक महिन्यांची आहे. गोळ्या घेत होता ना?"

"घेत होते. एकही चुकवली नाही."

"मग खात काय होता?"

नसीम म्हणाली, "डॉक्टर, मी स्वतः करते त्यांचं सगळं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी. घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला होते, हातात शहाळं घेऊन. त्या शाळेत बघायच्या तसंच बघत होत्या. रागावून नाही, नुसतं. मग त्यांनी डॉक्टरकडं मान वळवली.

"जिलेबी," त्या म्हणाल्या.

"काय?" नसीम म्हणाली.

"जिलेबी खायचे. स्टँडजवळच्या दुकानात. दुपारी फिरायला जायचे ना, तेव्हा. रोज."

नसीम पायाशी उभी होती ती उशाशी आली. "अम्मी, मी तुमच्यासाठी वेगळी चूल मांडल्यासारखा स्वयंपाक करते. तुमच्या मुनीरनं मला किती बोलून घेतलं, अम्मीला उपाशी ठेवतेस म्हणून. आणि तुम्ही स्टँडवर उभ्या राहून जिलेबी खाता? लहान पोरासारखी?"

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाला की पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, लवकर सही करा. तो गेला. नसीम तोंडावर ओढणी धरून पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली.

मी खाटेजवळ सरकले. "बाई, असं का सांगितलंत?"

"तुझ्याकडं चौदा बायका आहेत."

"चोवीस," मी म्हणाले. का म्हणाले देव जाणे.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "मग तर झालंच. तूच सांग, मी काय सांगायला हवं होतं?"

"खरं सांगायचं."

"मी कुठं अडवलंय तुला?" त्यांचा आवाज एकदम हलका झाला, वर्गात शेवटच्या बाकाशी येऊन एकट्या मुलीशी बोलावं तसा. "आज तीस-बत्तीस वर्षांनी खोटं बोलले मी. ते खोडून काढायला तू इथं आहेस. नसीम आत्ता येईल. सांग तिला. मी गप्प बसते."

दाराबाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला. नसीम बाटली पुसत आत आली. तिचे डोळे सुजले होते. तिनं बाटली टेबलावर ठेवली आणि आधार शोधावा तसं माझ्याकडं पाहिलं.

मी तोंड उघडलं.

"नसीम," मी म्हणाले, "तू सकाळपासून उपाशी असशील. चहा आणू का तुला?"

बाईंनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय काढला.

त्यानंतर त्या चार वर्षं जगल्या. मी महिन्यातून एकदा जायची. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या चाकाच्या खुर्चीत खिडकीपाशी होत्या. मी वाकून नमस्कार केला.

"या त्रिशलाताई, बसा," त्या म्हणाल्या. "घरी सगळे बरे आहेत ना तुमच्या?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण ती थट्टा नव्हती. ज्या बाईनं मला दोन वेण्यांत पाहिलं होतं, जी कालपर्यंत 'अगं वेडे' म्हणायची, ती मला शेवटपर्यंत तुम्ही-आम्ही करत राहिली. कधी टाकून बोलल्या नाहीत. पाणी द्यायला लावायच्या, मुलांची चौकशी करायच्या. परक्या माणसाशी वागावं तितकं नीट वागायच्या.

घरात त्यांचा मान गेला होता. नसीम वाईट नव्हती, पण तिचा विश्वास उडाला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटाला तिनं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली. पाहुणे आले की ती त्यांच्यादेखत सांगायची, "अम्मींपुढं बशी ठेवू नका हं, त्यांना राहवत नाही." बाईंचा मुलगा मुनीर हसत म्हणायचा, "जिलेबीवाली म्हातारी आमची." नातवंडंही तेच म्हणायला लागली. बाई खिडकीबाहेर बघायच्या. ज्या बाईनं अकरा वर्षं गोडाकडं पाहिलं नव्हतं ती, स्वतःच्याच घरात, हावरट म्हातारी म्हणून राहिली. आणि मी समोर बसून चहा प्यायची.

पाय काढल्यावर पंधरा दिवसांनी मी डब्यावर ती ओळ छापून घेतली. 'मधुमेह असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच खावे.' हिरव्या अक्षरांखाली, स्पष्ट दिसेल अशी. ती घातल्यामुळं एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. शाळांनी एका शब्दानं विचारलं नाही. भरतेश एवढंच म्हणाला, "बघ."

बाई गेल्या तेव्हा मी मातीला गेले होते. बायका आत बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, काय झालं होतं? एक म्हातारी म्हणाली, "गोडानं गेली. जिभेवर ताबा नव्हता." दोन-चार जणींनी माना हलवल्या. मीही त्यांच्यात होते. मान हलवली की नाही ते मला आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं सोयीचं आहे, हे मला कळतं.

गेल्या महिन्यात नसीमचा फोन आला. कधी नव्हे ते तिनं स्वतःहून बोलावलं. मी गेले. तिचे केस आता पांढरे झालेत. चहा ठेवला, बसली.

"ताई, मुनीरला शुगर निघालीय," ती म्हणाली. "अम्मीचंच रक्त. चार वाजले की त्याचे हातपाय गळतात, काहीतरी तोंडात टाकायला मागतो. तुमचे ते साखर नसलेले लाडू आहेत ना? महिन्याला चार डबे पाठवत जा. पैसे देईन मी, तसं नाही."

"ते त्याला देऊ नकोस," मी म्हणाले. "भाजलेले हरभरे दे, लाह्या दे. मूठभर शेंगदाणे दे. लाडू नको."

"का? साखर नाही म्हणता ना त्यात?"

"बेदाणा आहे, खजूर आहे. साखरेसारखंच चढतं. डब्यावर लिहिलंय खाली."

"असं होय," ती म्हणाली. मग सहज म्हणाली, "बरं झालं, अम्मींना तुम्ही कधी दिले नाहीत ते."

मी तेव्हा गप्प बसले असते तर काहीच झालं नसतं. इतक्या वेळा गप्प बसले होते, आणखी एकदा काय जड होतं? पण ती 'बरं झालं' म्हणाली, ते मला सोसलं नाही.

मी तिला सगळं सांगितलं. प्रदर्शनातले दोन डबे, पिशवीतला रुमाल, दिवसाचे तीन-चार लाडू. त्यांनी मला विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, तेही. जिलेबी त्यांनी कधी खाल्लीच नव्हती.

माझं संपल्यावर नसीमनं विचारलं, "दवाखान्यात तुम्ही तिथंच उभ्या होता."

"हो."

"मी पाणी घेऊन आले तेव्हा."

"हो."

"आमच्या सानियाचा दहावीचा निकाल लागला त्या दिवशी अम्मींनी पेढ्याचा तुकडा मागितला होता," ती म्हणाली. "नखाएवढा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, जिलेबी खाताना पाय आठवला नाही का? त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. त्यानंतर महिन्याभरात गेल्या. ताई, हे मला आता का सांगितलंत?"

उत्तर होतं माझ्याकडं, पण ते माझ्या सोयीचं होतं. तिला द्यावं असं त्यात काही नव्हतं.

"त्या तर गेल्या," नसीम म्हणाली. "आता मी कुणाची माफी मागू?"

तिनं माझ्यापुढचा कप उचलला, भरलेला होता तसाच, आणि आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला नाही, पाण्याचा आला नाही. मी उठून चपला घातल्या आणि बाहेर आले. दार मीच ओढून घेतलं.